पाच काजं

प्रिय डॉक्टरीणबाई,

ऑपरेशन झाल्यापासून तू वॉर्डात येतेस, बाबांची नाडी बघतेस, पोटाला लावलेल्या नळीतलं पाणी बघतेस. माझ्याकडे तेवढं बघत नाहीस. समोर उभा राहिलो की तुला नेमकं खाटेखाली काहीतरी तपासायचं असतं.

बाबा मजेत आहेत. स्वादुपिंडाचं शेपूट गाठीसकट काढलं आणि पोटावर नुसती पाच भोकं, हे त्यांना अजून पटत नाही. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस! काल शेजारच्या खाटेवरच्या काकांना सदरा वर करून दाखवत होते, "पाच काजं केलीत, बटणं लावायची राहिली बघा!" मग माझ्याकडे वळून, "तुझ्यापेक्षा सुबक आहेत." मेडिकल कॉलेज सोडल्यापासून दुकानात मी काजंच करतोय, तरी गप्प बसलो. मी गप्प बसलो, याची नोंद घे.

आज ऑपरेशन करणारे सर सांगून गेले, की आतली शिवण कुठे गळत नाही, उद्या नळी काढू. ऑपरेशनला पोटातला कॅमेरा धरताना तुझा हात तसूभर हलला नाही, असंही म्हणाले. हेच सर! आपल्या शेवटच्या वर्षाला तुझा हात थरथरला म्हणून भर वर्गात तुला नाही नाही ते बोलले, आणि मी बाक उलटवून कायमचा बाहेर पडलो. जिन्यात गाठून तू माझ्यावरच उखडलीस, "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. तीन वर्षं घरीदारी तेच सांगत आलो.

आणि परवा भूल उतरताना बाबांनी तुझा हात धरला. सर, नर्स, दारात मी, सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "तत्त्वबित्त्व काही नाही हो! आमच्या वेड्यानं हिच्यासाठी बाक उलटवला. हिची आठवण आली की काजं वाकडी करतो!" सर मास्कच्या आड हसले. नर्स तुला म्हणाली, भुलीत माणूस काहीही बरळतो, मनावर घेऊ नका. तू मान डोलावलीस. ती मान डोलावलीस म्हणून हे पत्र. मनावर घे. बाबांचा शब्द न् शब्द खरा आहे. सोमवारी सरांची माफी मागून पुन्हा वर्गात घ्या म्हणणार आहे. तू मध्ये पडू नकोस. उद्या नळी काढायला येशील तेव्हा फक्त एकदा माझ्याकडे बघ. रागानं बघितलंस तरी चालेल, काही उलटवणार नाही.

बाबांनी जाहीर केलंच आहे, तेव्हा
तुझाच,
वाकड्या काजांवाला