दोन शेल्यांवरचा मोर

मी, धुरपताबाई बेवा बापूजी गावंडे, वय सत्तरीच्या आसपास, धंदा शेती व शिवणकाम, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ, पुऱ्या शुद्धीत, कुणाच्या धाकाने वा भरीस पाडण्याने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले, दात गेले, पण अक्कल जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्यानं माझ्याशी भांडून पाहावं.

माझे दोन मुलगे, थोरला बाबाराव आणि धाकटा घनश्याम, एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या जिवंतपणी बोलले नाहीत, निदान मेल्यावर बोलावेत, एवढ्यासाठी हा कागद.

शेताची वाटणी त्यांच्या बापानंच करून ठेवली आहे. राहतं घर दोघांचं राहील. मधे भिंत घालायची नाही. घालेल त्याला माझा तळतळाट लागेल. लिहून घेणारे धर्मपाल अर्जनवीस म्हणतात, बाई, तळतळाट कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, तुम्ही लिहा, तो बसेल बरोबर.

शिवणाची मशीन थोरली सून शकुबाई हिला. तिच्या हाताला वळण आहे, जिभेला नाही. पण मशीनला जीभ लागत नाही.

नाटकाच्या पेटीतल्या लाकडी तलवारी, तागाच्या दाढ्या आणि दरबाराचा रंगवलेला पडदा गावच्या नाटक मंडळीला. दाढ्यांना ऊन दाखवत जावं, उंदीर लागतात. नाटकात बाजाची पेटी वाजवणारा पूनमसिंग याला काही नाही. त्या दिवशी पहिलं हसू त्याचं होतं. तेरवीला त्याला जेवायला बोलवावं, पण पहिल्या पंगतीत बसवू नये.

आता त्या दिवसाचं. आमचं नाटक दोन राजपुत्रांचं. थोरला राजा होतो, भाऊ भाऊ वैरी होतात, शेवटी भर दरबारात समोरासमोर येतात आणि गळाभेट होते. राजा माझे मालक करायचे. कपडे सगळे माझ्या हातचे. त्या भेटीसाठी मी माझा लग्नातला डाळिंबी शालू कापला. पदरावर मोर होता, तो मधोमध कापून दोन शेले केले. मान राजाच्या शेल्यावर, पिसारा धाकट्याच्या. खांद्याला खांदा लागला की मोर पुरा व्हायचा. मागं बसलेल्या बायांना शब्द ऐकू जात नसत, पण मोर जुळला की त्या डोळ्याला पदर लावत.

मालक वारले त्या वर्षी राजा बाबारावनं केला. बापाची पगडी, बापाचा अंगरखा. घनश्याम धाकट्याच्या वेषात समोर आला आणि त्याच्या पोटातून हुंदका आला. वाक्य होतं, "महाराज, मला कशासाठी बोलावलंत?" पोराच्या तोंडून निघालं, "दादा, मले कायले बोलावलं?"

पूनमसिंग हसला, मग अख्खा मांडव हसला. बाबाराव सिंहासनावरून ओरडला, "मला म्हण, मला!"

"मायच्या बोलीची लाज वाटते काय तुले?" म्हणत घनश्याम शेला टाकून तसाच खाली उतरून लोकांतून निघून गेला. तो पांढरकवड्याला ट्रकवर लागला, अजून तिकडेच आहे. पडद्याची दोरी धरलेला रूपसिंग भेटीची वाट पाहत राहिला, त्यानं पडदा पाडलाच नाही.

घनश्यामा, तुले ठाऊक नाही ते सांगते. मी विंगेत होते. बाबारावची हनुवटी थरथरत होती. रडू आवरेना म्हणून तो ओरडला रे. आणि बाबाराव, "मले" हा शब्द त्याले मी शिकवला, तुलेही मीच शिकवला. धर्मपालजी, इथं "तुला" करू नका, सांगितलं तसंच राहू द्या.

हा कागद रूपसिंगजवळ राहील. माझे डोळे मिटले की त्यानं घनश्यामला निरोप धाडावा. तो येईस्तोवर मला उचलू नये. दोन्ही शेले नाटकाच्या पेटीत तळाशी आहेत. दोघा भावांनी सुई घ्यावी, एकानं मानेकडून, दुसऱ्यानं पिसाऱ्याकडून, आणि मोर जोडावा. टाके वाकडे आले तरी चालतील, शकुबाईनं मधे हात घालू नये. तो शालू माझ्यावर पांघरावा. विधवेला डाळिंबी शालू कसा, असं कुणी म्हटलं तर म्हणू द्यावं.

मग दरबाराचा पडदा अंगणात टांगून नाटकातलं अर्धं राहिलेलं पुरं करावं. घनश्यामनं त्याचं वाक्य म्हणावं, जसं त्या दिवशी म्हटलं तसंच. बाबारावनं राजाचं उत्तर द्यावं, पण पुस्तकातलं "तुजला स्वगृही नेण्याकरिता" नको. आपल्या बोलीत, भावाच्या खांद्याला खांदा लावून म्हणावं, "तुले घरी न्याले."

एवढं कानावर पडलं की रूपसिंगनं पडदा पाडावा. मग मला उचला.

निशाणी अंगठा: धुरपताबाई बेवा बापूजी गावंडे
साक्षीदार: रूपसिंग राठोड, राहणार तांडा, दारव्हा (सही)
साक्षीदार: विमलताई राऊत, शेजारीण (सही)
लिहिणार: धर्मपाल नगराळे, अर्जनवीस. बाईंनी सांगितले तसेच लिहिले, एकही शब्द सुधारला नाही.
मुक्काम दारव्हा, दिनांक ४ फेब्रुवारी १९६३