ताउनोची शनिवारची गोळी

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
आरोग्य केंद्र, रुओकोलाम्पी.

अर्जदार: लेम्पी हुओतारी, तळ्याकाठचे पिवळे घर.

विषय: माझा नवरा शनिवारी हृदयाची गोळी थुंकतो, त्यास आपल्या सहीशिक्क्याने ताकीद मिळणेबाबत.
संदर्भ: आपण वसंतात वाढवून दिलेली गोळी, तसेच मी केलेले फोन.

महोदया,

अर्ज करण्यास कारण की, माझा नवरा ताउनो हा माझ्याशी, आपल्याशी आणि स्वतःच्या हृदयाशी खोटेपणाने वागत आहे. आपण रोज सकाळी गोळी सांगितली. इतर दिवशी तो ती कॉफीबरोबर गिळतो. शनिवारी जिभेखाली धरतो, अंगणात जातो आणि थुंकतो. मी खिडकीतून स्वतः पाहिले आहे.

आपण दक्षिणेकडून नव्याने आलात म्हणून कळविते. इकडे शनिवार सौनाचा, लाकडी खोलीतल्या वाफेच्या अंघोळीचा. शेजारचा रेइयो येतो, दोघे वरच्या, जास्त गरम फळीवर बसून तापल्या दगडांवर पाणी टाकतात, आणि जो आधी उतरेल त्याची आठवडाभर चेष्टा होते. खालची फळी पोरांची आणि आजाऱ्यांची. मी स्वतः बाळंतपणानंतरही तिच्यावर बसले नाही.

गोळी वाढल्यापासून ताउनोला उठताना अंधारी येते. भिंत धरून उभा राहतो आणि म्हणतो, "काही नाही, बूट शोधत होतो." मग एका शनिवारी वरच्या फळीवरून उतरताना कोसळला. रेइयोने धरले म्हणून डोके शेगडीवर आपटले नाही. त्यावर याचा निकाल: "दोष गोळीचा. शनिवारी गोळी नाही, म्हणजे चक्कर नाही." मी विचारले, "आणि दोष वाफेचा असला तर?" "सौनात कधी कुणी मेलंय का, लेम्पी?" मी नावे सांगू लागले. त्याने रेडिओ मोठा केला.

गेल्या शनिवारी तो बाहेर आला तेव्हा मी त्याच्या छातीवर हात ठेवला. बोटीचे जुने इंजिन थंडीत सुरू करताना धडधडते, अडते, परत धडधडते, तसे आत चालले होते. तो हसत होता, पण ओठ पांढरे. महोदया, आमचा घोडा बर्फ फुटून तळ्यात पडला तेव्हा मी त्याला दोरीने ओढून काढला, घाबरले नाही. त्या दिवशी मात्र हात काढून घेण्याचीही भीती वाटली.

आता ते दोघे आत असले की मी बाहेर बाकावर बसते. दगडांवर पाणी चुरचुरले की कळते, आत कुणीतरी जिवंत आहे. आवाज थांबला की मी दार बडवते. रेइयो ओरडतो, "वहिनी, अजून शिजलो नाही आम्ही!" यात हसण्यासारखे काय आहे ते त्यालाच विचारावे.

केंद्राला फोन केले. यंत्राने माझे आभार मानले. एकदा नर्सबाई बोलल्या: "उठताना सावकाश उठायला सांगा." सावकाश! हा माणूस लग्नालासुद्धा पळत आला होता.

येत्या शनिवारी भर उन्हाळ्याचा सण आहे. मुले-नातवंडे येणार, आणि दगडांवर पहिले पाणी टाकण्याचा मान ताउनोचा. तरी त्याआधी त्यास बोलावून तपासावे, आणि गोळी कमी करायची की सौना बंद करायचा, हे त्याच्या तोंडावर सांगून शिक्का मारून द्यावे. शिक्क्याशिवाय तो कुणाचे ऐकत नाही, आणि माझ्याकडे शिक्का नाही. मी फार शिकलेली नाही, पण मला हा माणूस अजून हवा आहे.

बाकावर बसून उत्तराची वाट पाहणारी,
लेम्पी हुओतारी
जूनचा तिसरा सोमवार

सोबत: अंगणात सापडलेल्या गोळ्या, कागदात गुंडाळून.

ता. क. अर्ज ताउनोला वाचून दाखविला. त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "'खोटेपणाने' खोड. 'भीतीने' लिही. बाबांना खालच्या फळीवर बसवलं, ते परत कधी वर चढलेच नाहीत." मी काही खोडले नाही. त्यास जे तोंडावर सांगितले ते आपल्या माहितीस देते:

"ताउनो, उद्यापासून गोळी गिळून मला जीभ दाखवायची. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तरच सौना, आणि तोही खालच्या फळीवर. मीही खालीच बसणार, तुझ्या शेजारी. हसू दे रेइयोला."