लग्नाखेरीज सर्व कार्यांस उत्तम

तीर्थस्वरूप आत्यास,

लांबूनच वाकून नमस्कार. (आईवडिलांना तीर्थरूप आणि बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप लिहावं, असं शाळेत शिकवलं होतं. आमचे आईवडील फार लवकर गेले, त्यामुळे तीर्थरूप लिहायची वेळच माझ्यावर आली नाही.) तुझी तब्येत कशी आहे? रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारतेय. खोकला गेला का? चक्कर येत नाही ना? जिना उतरताना कठडा धरतेस ना? एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन उतरायची तुझी सवय मला ठाऊक आहे, ती आता सोड. का ते पुढे सांगते.

इकडे सगळं ठीक आहे. लाँड्री चालली आहे, बॉयलर सकाळी जरा कुरकुरतो आणि मग कामाला लागतो. सांगायची गोष्ट म्हटलं तर एका ओळीची आहे, पण ती लिहायला घेतली की हात अडखळतो, तेव्हा जरा लांबून येते.

तुला आठवतं, संध्याकाळी गच्चीवर चटई टाकून तू मला चंद्राची घरं शिकवायचीस? त्याची सत्तावीस घरं, रोज एकाकडे मुक्काम. कुणाकडे गाणं चाललेलं, कुणाकडे भांडण, कुणाकडे रडारड (आर्द्रेच्या घरातल्या उशा कधी वाळत नाहीत, असं तू म्हणायचीस). आणि मग पुष्याचं घर आलं की तो चपला काढतो, हातपाय धुतो आणि भिंतीला टेकून निवांत बसतो. पुष्य म्हणजे पोसणारं. खूण गाईच्या कासेची, देवता बृहस्पती, स्वभाव शांत. पुष्यावर जन्मलेलं माणूस दुसऱ्याला भरवतं, धीर देतं, सहसा रागावत नाही. पुष्याच्या दिवशी काहीही सुरू करा, ते तडीला जातं. मी आपली खूश होऊन ऐकायची, की तू हळूच म्हणायचीस, "फक्त लग्नाला वर्ज्य." का, तर ब्रह्मदेवाचा शाप. शाप कशाबद्दल, तर "मोठी झालीस की सांगेन." आत्या, मी पन्नाशी ओलांडली. तू अजून सांगितलेलं नाहीस.

घरात तेव्हापासून ते ठरूनच गेलं. कुणी विचारलं, हिचं काही बघताय का, की तू उसासा टाकून म्हणायचीस, "पुष्य आहे हो तिचं." आणि समोरचा माणूसही, मला काही गंभीर दुखणं असल्यासारखा, चहा संपवून निघायचा. इथे दुकान टाकलं तर नक्षत्र माझ्याही आधी गल्लीत पोचलेलं. नव्या घराचं दार मी उघडायचं. बाळाला पहिला घास मी भरवायचा. मोटरसायकलला पहिली किक मी मारायची (पाय मुरगळला, गाडीला काही झालं नाही). न्हाव्याने नवी खुर्ची आणली तेव्हा पहिलं मला बसवलं, आणि बसलाच आहात तर म्हणून केस कानापर्यंत कापून टाकले. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, पण लाथ मारायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे मात्र माझ्याकडेच येतात. वाफ भरली की ते कोट हँगरवर फुगतात, खांदे येतात, छाती येते, आणि मी त्यांच्यामधून "जरा सरका" म्हणत वाट काढते. कधी कधी तर दुकानाच्या भिंतीच दिसेनाशा होतात. बाहेर ऊन आहे की चांदणं, काही कळत नाही. टांगलेल्या चादरींमधून कुणीतरी दमून भागून येतो, पांढराफटक, हातात बोचकं, आणि पायरीवर बसून म्हणतो, जरा टेकतो. मी म्हणते, टेका. एवढंच आमचं बोलणं. चंद्रच तो, मला खात्री आहे, फक्त मध्येच तो "बाई, माझ्या पँटचं काय झालं?" असं विचारतो आणि मग तो गिऱ्हाईक निघतो.

आता किल्लीवाल्यांकडे येते. माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं दुकान. गृहस्थ विधुर, बोलणं बेताचं. मी एकदा सहज नक्षत्र विचारलं आणि पस्तावले. आश्लेषा. (पुष्याच्या पलीकडचं घर आश्लेषेचंच, काखेत कळसा तो हा.) खूण सापाची. पापणी लवत नाही, मनातलं कळू देत नाही, हातात आलेलं सोडत नाही, अंगात थोडं कपट असतं आणि एकदा विळखा घातला की सुटका नाही, हे सगळं तूच शिकवलेलं. मी ताडून पाहिलं. कानस चालवताना पापणी खरोखर लवत नाही. टाकत तर काहीच नाहीत, कुलपं हरवलेल्या किल्ल्यांचे डबेच्या डबे भरून ठेवलेत. राहता राहिलं कपट.

त्यांनी माझ्या शटरला नवं कुलूप बसवून दिलं होतं. ते सारखं अडकायचं. मग त्यांनी यायचं, कुलपाला कान लावायचा, तार फिरवायची, उघडायचं आणि चहा घेऊन जायचं. असं वर्षभर चाललं. शेवटी मी म्हटलं, हे बदलूनच द्या. तर कपात बघत म्हणाले, "बदलून काय होणार? अडकावं असं मीच बसवलंय." मी खरं तर रागवायला हवं होतं. पण पुष्य.

मी त्यांना सरळ सांगितलं की माझं नक्षत्र लग्नाला वर्ज्य आहे. ते म्हणाले, "अहो, तो नियम दिवसाला आहे. पुष्याच्या दिवशी लग्न लावू नये. पुष्याच्या माणसानं करू नये, असं कुठंय?" मी भिंग घेऊन पंचांग पाहिलं. दिवसालाच आहे, आत्या. इतकी वर्षं माझ्या डोक्यात तो दिवस आणि मी एकच होतो. मी इतका वेळ बघत राहिले की गल्लीतल्या एका शिक्षकांच्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा पुरता ठसा उमटला.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. नोंदणी कचेरीत गेलो, तारीख मिळाली, घरी येऊन पाहिलं तर पुष्य. तशीच परत गेले. कारकून म्हणाला, "बाई, त्या दिवशी लग्नाला कुणी फिरकत नाही, म्हणून तर रिकामी आहे. बाकीच्या कधीच्या गेल्या." किल्लीवाले म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं, मी थांबतो. ते थांबतील हे मला माहीत आहे, आश्लेषाच ती. मी दुकानात आले आणि बॉयलर सुरू केला. चादरींमधून तो आला, पायरीवर टेकला आणि पहिल्यांदाच दोन शब्द जास्त बोलला. म्हणाला, त्या दिवशी माझा मुक्काम तुझ्याकडेच आहे, मग लग्नाला दुसऱ्याच्या घरी कशाला जातेस? या वेळी पँट मागायला मात्र कुणी आलं नाही.

तर ती एक ओळ अशी, की पुढच्या पुष्याला मी लग्न करतेय. बाकी सर्व क्षेम.

तुझी,
पुष्या

ता. क. साक्षीदार हवेत. त्यांच्याकडून न्हावी येतोय (कात्री आणणार नाही, असं कबूल करून घेतलंय). माझ्याकडून तू. तुझी राखाडी शाल आधी पाठवून दे, इस्त्री करून ठेवते. आणि ती शापाची गोष्ट आता सांगून टाक.

आणखी एक. नियम दिवसाचा आहे हे तुला पहिल्यापासून माहीत होतं का, ते मी विचारणार नाही. मी लग्न करून गेले असते तर त्या घरात तू आणि पंचांग, तुम्ही दोघंच उरला असता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गच्चीवरच्या त्या संध्याकाळी कुणी परत मागितल्या तर मी देणार नाही.

शेवटचं. आश्लेषेचा जावई सासूला बाधतो, हेही तुझंच. किल्लीवाले म्हणाले, तुम्हाला आई नाही, म्हणजे मला सासू नाही, मग दोष लागणार कुणाला? मी म्हटलं, असं कसं, आहे मला आई. म्हणून तुझी तब्येत विचारत होते. वरचं तीर्थस्वरूप खोडलं तर कागद वाईट दिसेल, तू ते तीर्थरूप वाच. आणि जिना उतरताना कठडा धर.