वाटसरू नावाचा मेंबर

९ जानेवारी २०२६

हा माणूस बरोबर नाही!

रंगनाथकाकांनी काल आमच्या 'डांबरी' ग्रुपवर एक नवा नंबर घेतला. नाव दिसतं 'वाटसरू'. फोटो नाही. रामराम नाही, नमस्कार नाही. आल्या आल्या थेट प्रश्न — 'बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावर काय काय मरतं'. पुढं प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

आमच्या ग्रुपचा नियम एकच. आधी टवाळी, मग उत्तर. सरळ उत्तर देणाऱ्याचा मेसेज काका उडवून टाकतात. काका म्हणजे एसटीतले रिटायर ड्रायव्हर, ग्रुप त्यांचाच. बाकी सगळी रस्त्याची वेडी माणसं. कुणी पुलांचे फोटो जमवतो, कुणी पाट्यांचे. मी किलोमीटरच्या दगडांचे.

तर काल उत्तरांचा पाऊस. दुधाच्या टँकरवरचा बजरंग — 'कुत्री मरायची बंद होत्यात.' नागापूरच्या कंपनीत कामाला असलेली मोनिका — 'हॉर्न.' काका — 'माझी वळख! आत्ता निदान गतिरोधकावर तरी लोक हात करत्यात.'

मीपण हसलो. मग सकाळी चहा पिताना लक्षात आलं. बायपास तर आमच्याकडंच होतोय! बाभळीच्या फाट्याला वळसा घालून. आणि फाट्यावर काय आहे? भागूआत्याचं हाटेल. आणि हाटेलात काय आहे? मी. मागच्या बाजूला, पत्र्याखाली, बाकड्यावर. सुप्याला नोकरी धरली, सोडली. नागापूरला वर्कशॉप धरलं, सोडलं. कुठंही भटकलो तरी येऊन आडवा होतो तो याच बाकड्यावर. बापाच्या घरी जाणं आता होत नाही.

मग हा का विचारतोय?

१२ जानेवारी

आज सुप्याला निघालो होतो. तिथं एकजण पुन्हा काम देतो म्हणाला होता. वाटेत उसाच्या दोन ट्रॉल्या, एकीला एक जोडलेल्या. मागची अशी डुलत होती की बघतच राहिलो. मागं मागं गेलो तो थेट कारखान्याच्या गेटावर! तिथं गाडीवानांच्या बैलांची शिंगं रंगवायचं चाललं होतं. ते बघितलं. सुपं राहून गेलं.

ग्रुपवर टाकलं — उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा का नसतो? बजरंग — 'फुडच्या ड्रायव्हरला तो दिसत न्हाई, मग कशाला लावायचा?'

वाटसरू यावर गप्प. हसणं नाही, काही नाही. फक्त वाचतो. मेसेज कुणी वाचला त्या यादीत त्याचं नाव येतं, बस्स.

१४ जानेवारी

संक्रांत. आत्या म्हणाली, गोड बोल. वाटसरूशी बोलणार नाही!

१७ जानेवारी

पुन्हा तोच. 'टँकरवाला ट्रकवाला चहाला नेमका कुठं थांबतो आणि कुठं थांबत नाही'.

मोनिका — 'बायकोचा फोन आला की थांबत नाही.' काका — 'जिथं फुकट हवा मिळती तितं. चाकात आन डोक्यात.' मी — 'जिथं थांबू नका लिहिलंय तिथं.'

बजरंगनं आधी टवाळी केली — 'चहा चांगला आसंल तितं कदीच न्हाई, वेळ मोडतो.' मग वेडा खरं खरं सांगत सुटला. चढ संपला की. डाव्या अंगाला. गाडी रस्त्याबाहेर सरळ घेता आली पाहिजे, रिवस टाकायची पाळी नको. पाणी दिसलं पाहिजे. सावली झाडाची, पत्र्याची नको. वळणाच्या तोंडाला कुणी थांबत न्हाई, मागनं दणका बसतो.

एवढं सगळं अनोळखी माणसाला! मी बजरंगला फोन केला. म्हणालो, अरे हा पेट्रोल पंपवाला असेल, नाहीतर ठेकेदाराचा. मोठं हाटेल टाकतील, एसीवालं. बजरंग म्हणाला, 'टाकू दे की. बाथरूम आसंल.'

काकांना विचारलं, कुणी दिला हा नंबर? 'ते सांगायचं न्हाई आसं ठरलंय.' कुणाशी ठरलंय? 'तेच तर सांगायचं न्हाई.' आणि फोनवर खी खी हसले. काकापण सामील आहेत. लिहून ठेवतो.

१९ जानेवारी

आत्याचंपण काहीतरी चाललंय.

आजकाल दुपारी हाटेल शेजारच्या बन्सीवर सोडते आणि पिशवी घेऊन जाते. बन्सी पंक्चर काढतो, चहा त्याला जमत नाही, गिऱ्हाईक शिव्या देतं. कुठं जाते विचारलं तर म्हणते, 'दात दुखतोय. काष्टीला डाक्टरकडं.' आल्यावर सुपारी कातरून खाते. दात दुखणारी बाई सुपारी खाते?

आणि चुलीमागं भिंतीकडं तोंड करून बोलते. हळू, एकेक शब्द तोडून, बहिऱ्याशी बोलावं तसं. मी गेलो की गप्प. कुणी गिऱ्हाईक लागलंय का हाटेलाला? विकणार का ही?

म्हणालो, आत्या, कुणाशी बोलते? 'द्येवाशी. तुला अक्कल दी म्हन्ते.'

२० जानेवारी

आज वाटसरूनं लिहिलंय — 'बाभळीच्या फाट्यावरचं हाटेल अजून किती दिवस चालंल खरं सांगा'.

नाव घेऊन! आमच्याच हाटेलाचं!

आणि लोक हसतायत. बजरंग — 'भागूबाईच्या गुडघ्यात जोर हाय तवर.' काका — 'भाच्याचा फुकट चहा बंद केला तर शंभर वर्सं.' मोनिका — 'नवा रस्ता सुरू होईपर्यंत. मग फक्त रस्ता चुकलेले येतील. आणि समर्थ.' म्हणजे मी.

मोनिकाचं टवाळी आहे की उत्तर, कळलं नाही.

जुनं पान असतं ना झाडाला, वारा आला की जातं, तसं हाटेल जाईल हे मला माहीतच नव्हतं असं नाही. पण कुणी विचारलं नव्हतं. विचारलं की ते खरं होतं.

२१ जानेवारी

मीपण कच्चा नाही. ग्रुपचा जुना रिवाज काढला. नवा मेंबर आला की आपल्या घराजवळच्या किलोमीटरच्या दगडाचा फोटो टाकतो. दगड दाखवला की माणूस कुठला ते आम्हाला कळतं. मी लिहिलं — 'वाटसरू, दगड दाखवा, नाहीतर रस्ता धरा!'

दुपार सरली. मग फोटो आला.

दगड आडवा! मुरमाच्या ढिगावर पडलेला. पिवळं डोकं, रंग इतका ताजा की त्यावर धूळपण बसलेली नाही. खाली गावाचं नावच नाही, नुसता पांढरा.

काका — 'बाळाचं बारसं व्हायचंय आजून.' बजरंग — 'झोपलंय, उटवू नका.'

मी हसलो नाही. पिवळं डोकं म्हणजे नॅशनल हायवे. आडवा म्हणजे अजून रोवलेला नाही. नाव नाही म्हणजे पेंटर यायचाय. असा दगड कुणाच्या घराजवळ असतो? ठेकेदाराच्या! आमच्यात कुणीही सांगेल. सापडला!

२४ जानेवारी

नव्या रस्त्यावर जाऊन आलो. म्हणजे आधी काष्टीच्या बाजारात अडकलो. जनावरांचा बाजार होता. दोन म्हातारे उपरण्याखाली हात घालून बोटांनी बैलाचा भाव करत होते. तोंडानं एक शब्द नाही. चेहरा असा, की दोघं कुणाच्या तरी मातीला आलेत. मधेच एक म्हातारा फस्सकन हसला. मला वाटतं समोरच्यानं बोटांनी शिवी दिली. ते बघता बघता दुपार गेली.

मग गेलो. रोलर चालवणारा झाडाखाली भाकरी खात होता. म्हणालो, मामा, इथं कुणी दगडाचे फोटो काढायला येतं का? साहेब वगैरे?

'सायेब? सायेब गाडीतनं खाली उतरत न्हाईत. एक बाई येती.'

बाई?

'व्हय. दुपारची. हितं थांबती, तितं थांबती. ट्रक मोजल्यागत बघती. तीन दिसामागं दगुडाचा फोटू काढला. मला म्हन्ली, उजेड बराबर पडलाय का बगा.'

कशी दिसते, ते विचारायला पाहिजे होतं. पण डोक्यात एकदम दिवा लागला. ग्रुपवर बाई एकच!

२५ जानेवारी

लिहिलं एकदाचं. सगळ्यांसमोर. 'वाटसरू म्हणजे मोनिका. ठेकेदार काय देतो गं? आमच्या आत्याच्या पोटावर पाय देऊन हसतेस?'

काका — 'समर्थ, हानला का रं गाडा खड्ड्यात!'

मोनिका ग्रुपमधून बाहेर पडली. बघा! चोराच्या मनात चांदणं!

२७ जानेवारी

काय लिहू.

दुपारी स्कूटी येऊन उभी राहिली. कंपनीच्या गणवेशात मोनिका. हेल्मेट न काढताच —

'कुठंय तो कलेक्टर?'

मी बाकड्यावरून उठलो.

'दगडावरून माणूस ओळखतोस म्हणे! मी ठेकेदाराची माणूस काय? तुझ्या त्या शेकडो दगडांना बरं म्हणणारी सगळ्या ग्रुपात मी एकटी, आणि मलाच?'

म्हणालो, रोलरवाला म्हणाला, बाई येते.

'मग जगात बाई मी एकटीच का रे?'

आत्या भजी तळत होती. तिनं झारा कढईवर आडवा ठेवला. पदराला हात पुसले. म्हणाली, 'त्या पोरीला कशाला वडतो ह्यात? वाटसरू मी हाय.'

मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. मग आत्यानं कमरेची पिशवी काढली, त्यातून फोन काढला. नवा. भिंतीकडं वळली आणि तोंडाजवळ धरून म्हणाली — 'समर्थ. मोठा. शहाणा. आहे.' माझ्या खिशातला फोन वाजला.

मोनिकानं शिकवलं होतं. नगरहून गावी जाताना चहाला थांबायची ना, तेव्हा. बोललं की अक्षरं उमटतात. काकांना माहीत. बजरंगला नाही, त्याच्या पोटात राहत नाही.

'आन तुझ्याबी न्हाई,' आत्या म्हणाली.

म्हणालो, पण कशाला? त्या टवाळखोरांना कशाला विचारायचं?

'मग कुनाला? सरपंचाला? गाडी कुटं थांबती ते गाडीवाल्याला इचारावं लागतं. सरळ इचारलं तर भागूबाईला बरं वाटावं म्हनून बोलत्यात. तुमच्यात खरं बोलत्यात, हसत हसत का व्हईना. आजून किती दिस चालंल इचारलं, तर हिनं सांगितलं. दुसरं कोन सांगनार व्हतं?'

तिनं जागासुद्धा धरलीय. चढ संपल्यावर, डाव्या अंगाला, लिंबाच्या झाडाखाली, कुणा लंकाबाईच्या शेताच्या बांधाला लागून. बजरंगनं सांगितलेलं सगळं तिथं आहे. रोज दुपारी तिथं उभी राहून बघत होती, ड्रायव्हर तिथं येऊन हळू होतो का. रस्ता अर्धा सुरू आहे, तेवढ्या गाड्या असतात. आणि घराजवळचा दगड मागितला तर हिनं तो पाठवला. आता तेच घर, म्हणाली.

'मला का नाही सांगितलं आत्या?'

'सांगून? तू म्हनला आसता, आत्या, हितंच बरं हाय. तुला परत याला एक ठिकान पायजे म्हनून मी जलमभर हितं धूर खाऊ व्हय?'

भजी करपली. कुणी काढली नाहीत.

मोनिकाला म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, 'इथं नको. जिथं बोललास तिथं म्हण.'

२८ जानेवारी

ग्रुपवर माफी लिहिली. काकांनी उडवली. सरळ उत्तर चालत नाही!

परत लिहिली — 'पुढे समर्थच्या अकलेचं काम चालू आहे. कृपया वळण घ्या. गैरसोयीबद्दल दिलगीर.' काकांनी ती मोनिकाला पाठवली असणार, तिचं उत्तर त्यांच्याच फोनवरून आलं — 'हे काम कधी पूर्ण होणार?' बजरंग — 'ठेकेदार पळालाय.'

संध्याकाळी ती परत ग्रुपमध्ये आली.

५ फेब्रुवारी

नवं हाटेल आखायचं चाललंय. आत्या सुतळी धरून उभी, बन्सी खुंट्या ठोकतोय. मोनिका सुट्टी काढून आलेली. ती म्हणते पाटी गिऱ्हाइकाला चढावरूनच दिसली पाहिजे. आत्या तिला 'मोनिकाबाय' म्हणते आता. मला अजून 'ए'.

चूल इथं, टेबलं इथं, पाण्याचं पिंप इथं. मी विचारलं, माझं बाकडं?

आत्या म्हणाली, 'बगू.'

बघू म्हणजे काय? सुतळीच्या आत किती जागा उरते ते मी पावलांनी चालून बघितलं. मागं कोपरा आहे. आडवा पडण्याएवढा आहे. मग 'बघू' कशाला? काहीतरी ठरलंय यांचं आणि मला सांगत नाहीत.

९ फेब्रुवारी

सुप्याच्या माणसाचा फोन. काम अजून आहे म्हणाला. सांगतो म्हणालो.

१३ फेब्रुवारी

नव्या हाटेलावर छप्पर चढलं आणि मागच्या त्या कोपऱ्यात फ्रीज आला. आत्या म्हणाली, 'तू आज आसतो, उद्या न्हाई. हे रोज हाय. लोकांला थंड लागतं.' टेम्पोतून उतरवायला मी आणि बजरंग होतो. जड होता.