ह्यांची कॉन्टेसा, माझी झेन

९ जानेवारी ९६, मंगळवार
कॉन्टेसा गेली. कराडचं गिऱ्हाईक साडेदहाला आलं. कागदांवर ह्यांचा अंगठा घेतला. उजवा हात गणपतीपासून निर्जीव, डाव्यानं सही जमत नाही. शाईचा पॅड मी धरला.
साइटवर मजूर पगाराला आले की हे हसायचे, "ह्यो बघा आला अंगठेबहाद्दर." आज मी तसं काही म्हटलं नाही. पण मला आठवलं, आणि त्यांनाही आठवलं असावं, कारण हात मागं ओढत होते. मी सोडला नाही. तीन ठिकाणी अंगठा.
गॅलरीत त्यांची खुर्ची मीच नेऊन ठेवली होती. आत ठेवता आली असती. बघू दे म्हटलं.
गाडी फाटकातून वळली तेव्हा म्हणाले, "चला." पक्षाघातानंतर तोंडात एवढा एकच शब्द उरलाय. पाणी पाहिजे तरी चला, नको तरी चला. आयुष्यभर मजुरांना, मला, अजितला दिवसातून शंभरदा तेच म्हणायचे. तोच राहिला.

११ जाने.
अजितचा पुण्याहून फोन. "आई, बाबांना न विचारता विकलीस?"
म्हटलं, "विचारलं की. चला म्हणाले."
फोन ठेवल्यावर मी एकटीच हसले. बऱ्याच दिवसांनी.

१७ जाने.
झेन आली. लाल. फाटकात उभी केली तर निम्मं अंगण रिकामं. कॉन्टेसा होती तेव्हा तुळशीकडे जायला अंग चोरावं लागायचं.
बशीरचाचा आले होते. सात वर्षं कॉन्टेसाचं सगळं काम त्यांनीच केलं. बॉनेट उघडून बराच वेळ वाकून बघितलं. मला वाटलं नाक मुरडतील.
"आवं वहिनी, ती व्हती हत्ती. ताकद लय, पर अंग बी तेवढंच. ही मुंगूस हाय. अंगात वजन न्हाई, त्यामुळं घाटात त्या गाडीला मागं टाकंल बघा."
मागं टाकंल. दिवसभर तेच डोक्यात. चाचांनाच म्हटलं, मला शिकवा. त्यांनी आधी वर गॅलरीकडे बघितलं. साहेब ऐकत होते. मग म्हणाले, "उद्या सातला मैदानावर या."

२४ जाने.
क्लच, क्लच, क्लच. आज नऊ वेळा बंद पडली. ४९व्या वर्षी पायाला नवीन शिकवायचं म्हणजे... चाचा रागावत नाहीत. "पाय हळू सोडा, दुधावरची साय काढल्यावानी."
ह्यांचं म्हणणं असायचं, बायकांना अंतर कळत नाही. सव्वीस वर्षं मी मागच्या सीटवर. पुढं मित्र, नाहीतर त्यांची बॅग. बॅगेला पुढची जागा.
आज रिव्हर्स घेतली. दोन दगडांमधून. चाचा म्हणाले, "व्हय, असंच."

८ फेब्रु.
लायसन्स मिळालं. एकटी कोरेगावपर्यंत जाऊन आले. येताना पाचवा गिअर टाकला. एक ट्रॅक्टर, दोन एस.टी., एक जीप. सगळ्यांना मागं टाकलं. जीपवाल्यानं मान वळवून बघितलं, बाई म्हणून. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१२ फेब्रु.
कांबळे म्हणते, साहेबांना रोज गाडीतून फिरवा, मन रमेल. ही ह्यांना व्यायाम शिकवायला येते. कोरेगावची, वडील रेल्वेत होते. चांगली मुलगी, हात हलका. धडधाकट असताना हिच्यासाठी ह्यांनी वेगळा कप काढायला लावला असता. माझ्या देखत लावलेलाही आहे, दुसऱ्या कुणासाठी, आणि मी काढलेला आहे. आता ती चमच्यानं पेज भरवते आणि हे तोंड उघडतात.
बरं म्हटलं, फिरवते. रोज चारला.

१४ फेब्रु.
मागं बसवलं. पुढच्या सीटवर माझी पर्स ठेवली. आरशात तोंड दिसत होतं त्यांचं. पर्सकडे बघत होते.

२० फेब्रु., मंगळवार
आजपासून पुढं बसवते. दया म्हणून नाही. मागं बसले की तोंड नीट दिसत नाही.
वाठारवरून आदर्कीच्या घाटात नेलं. हे इथं कधीच कुठं लिहिलेलं नाही, आज लिहिते. ९० साली फलटणला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मे महिना. परत येताना घाटात ते एका ट्रकच्या मागं लागले, वळणावर बाहेर काढली. मी मागून म्हटलं, "जरा हळू घ्या ना." गाडी थांबवली. "उतर." मला वाटलं चेष्टा. पुढं त्यांचा मित्र बसलेला, तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी उतरले. गेले निघून. पैठणी, अंगावर दागिने, पायात उंच टाचा, दुपारचे दोन. वाठारपर्यंत चालत आणि पुढं एस.टी.नं घरी आले. हे जेवून झोपले होते. उठल्यावर म्हणाले, "पोचलीस?" त्यानंतर मी गाडीत कधी एक शब्द बोलले नाही.
आज त्याच वळणावर थांबवली. म्हटलं, "ओळखलंत का जागा?" ओळखली. डोळे लगेच खाली. मी चावी काढली आणि समोरच्या झाडाखाली जाऊन बसले. गाडी उन्हात. काच उघडी ठेवली होती, एवढं केलं. "चला," म्हणाले. परत म्हणाले. मग ओरडले. घड्याळ लावून वीस मिनिटं. एक म्हातारी लाकडं घेऊन चालली होती, थांबून म्हणाली, "बाई, मालक हाका मारत्यात जणू." म्हटलं, "मारू द्यात."
मी परत येऊन बसले तर त्यांची पँट ओली झाली होती.
वाटलं होतं बरं वाटेल. वाटलंही. लपवून काय करायचं.

२७ फेब्रु.
आता वेगात चालवते. वळणावर ब्रेक उशिरा लावायचा, गिअर खाली घ्यायचा, मग सोडायची. ही गाडी चिकटून जाते. कॉन्टेसा वळणावर अंग टाकायची, हे स्टिअरिंगशी झोंबायचे आणि त्यालाच मर्दानी चालवणं म्हणायचे. हिला दोन बोटं पुरतात.
ह्यांचा चेहरा पांढरा. डाव्या हातानं वरची कडी धरलेली.
मी म्हणते, "हळू घेऊ का? सांगा. नुसतं हळू म्हणा."
"चला."
"बरं."

८ मार्च
रोज जातो. कांबळेला वाटतं मी साध्वी आहे. शेजारच्या बायकांनाही.

१३ मार्च
कांबळेनं आज मला आत बोलावलं. ह्यांचा उजवा हात उलटा करून दाखवला. तळव्यात नखांचे चार व्रण. लाल, ताजे.
"काकू, मूठ आवळली त्यांनी! ह्याच हाताची!"
मी म्हटलं, आपोआप आवळली असेल. ती म्हणाली, "न्हाई न्हाई, बघा." आणि त्यांना म्हणाली, "साहेब, उघडा." उघडली. "मिटा." मिटली. अर्धवट, पण मिटली. तिच्या डोळ्यांत पाणी. "काय केलंत हो काकू तुम्ही? मी चार महिने घासतीय."
मी काय केलं ते ह्यांना माहीत आहे. ते माझ्याकडे बघत होते.

१४ मार्च
आज नेलं नाही. डोकं दुखतंय म्हटलं.

१७ मार्च
टायर. असंच काहीतरी सांगितलं.

२० मार्च, पाडवा
अजित आला. गुढी त्यानंच उभारली. बापाचा हात बघून नाचायचाच बाकी. मग खाली जाऊन झेनमध्ये बसला, सीट मागंपुढं करून बघितली.
"बरं केलंस आई. हात आला की बाबांना ही हलकी गाडी सोपी पडेल. ते धूड काही झेपलं नसतं त्यांना आता."
पुरणपोळी माझ्या हातात तशीच. म्हणजे ही गाडी त्यांच्यासाठी घेतली. मी दोन महिने चालवून ठेवतेय, एवढंच. तो वाईट मनानं बोलला नाही, वाईट वाटलं ते त्याचंच. त्याला तसं दिसतंय.
रोज चारला हे चप्पल घालून बसतात. डावी आपली आपण घालतात, उजवी कांबळे घालते. मी बाहेर जात नाही. सहाला काढून ठेवते.

२८ मार्च
व्यायाम नीट होत नाही, कांबळे म्हणते. हात परत ढिला पडतोय. "काकू, फिरवणं का बंद केलंत?" परत टायरचंच सांगितलं.
घाबरवलं ते एक. पण आता हात येतोय हे दिसतंय आणि मी... हे आधीच्यापेक्षा वाईट आहे. मला कळतंय.
आणि तो चप्पल घालून बसतो. (हे लिहिताना बघतेय, तो लिहिलंय. राहू दे.)

२ एप्रिल
सांगलीला नलूकडे. एकटीच, त्याला कांबळेवर सोपवून. पेठ नाका सोडल्यावर रस्ता मोकळा. नलू माझी धाकटी बहीण, तिच्यापाशी काही झाकून राहत नाही. भडंग खात सगळं सांगितलं. घाटातली वीस मिनिटंसुद्धा. मला वाटलं ती म्हणेल, बरी जिरवलीस. लग्नापासून माझ्यापेक्षा जास्त तीच त्याला शिव्या द्यायची.
ती उठून चहा टाकायला गेली. मग तिला गाडीतून बाजाराकडं नेलं. हळदीच्या पोत्यांची गाडी आडवी आली, मी काच खाली करून गाडीवानाला शिवी हासडली.
नलू म्हणाली, "ताई, ही दाजींची शिवी."
खरंच त्यांची. आवाजसुद्धा.
परत येताना कराडपर्यंत चाळीसच्या वर गेले नाही.

१० एप्रिल, बुधवार
आज नेलं. यवतेश्वरच्या घाटात. मी ठरवलं होतं सावकाश न्यायचं आणि सावकाशच चालले होते. तो कडी न धरता बसला होता. खाली सातारा दिसत होता, अजिंक्यतारा, सगळं. म्हटलं, "तुम्ही बरे झालात की ही गाडी तुमची होणार म्हणे." बोलले सहज, पण सहज नव्हतं.
दुसऱ्या वळणावर त्याचा उजवा हात मांडीवरून उठला. मी बघितला. आधी वाटलं गिअरकडं येतोय. आला तो सरळ स्टिअरिंगवर. आणि धरलं. घट्ट. त्या बोटांत एवढं बळ कुठून.
गाडी डावीकडे, कठड्याकडे. मी ब्रेक दाबला. घासत गेली, थांबली. कठड्यापलीकडे काही नाही, झाडंही नाहीत.
दोघांचे हात स्टिअरिंगवर. मी त्याचा हात काढायला गेले तर निघेना. एकेक बोट सोडवावं लागलं.
"मारायचं होतं का? की चालवायची होती?"
तो धापा टाकत होता. पण चेहरा... पहिल्यांदा कॉन्टेसा घरी आणली तेव्हाचा चेहरा. की तसं मलाच वाटलं.

११ एप्रिल
बशीरचाचांनी डावा मडगार्ड बघितला. "आवं वहिनी, कशी काय घासली?" म्हटलं म्हैस आडवी आली. चाचा मडगार्डवरचा चुना नखानं खरवडत होते.

१४ एप्रिल, रविवार
आज जयंती, कांबळेला सुट्टी. सकाळी अजित आला, कारण चाचांनी त्याला फोन केला होता. आल्याआल्या सरळ मडगार्डपाशी.
"आई, खरं सांग."
"म्हैस."
त्याचा विश्वास नाही. जेवताना म्हणाला, तुझ्या हातून काही बरंवाईट झालं तर मी काय करू, विकून टाकू गाडी. मी भात वाढत राहिले. मग तो बापाकडं वळला, नुसतं बोलायचं म्हणून, उत्तराची अपेक्षा न धरता. "बाबा, विकायची का?"
"नको."
स्वच्छ. न अडखळता. अजितच्या हातातला घास खाली पडला. मग रडायलाच लागला, बापाच्या गळ्यात, माझ्या गळ्यात. "आई, बाबा बोलले! नको म्हणाले!" नलूला फोन, कांबळेच्या शेजाऱ्यांकडं फोन.
मी विचार करत होते, कुणासाठी नको. माझी गाडी म्हणून? त्याची पाळी येईल म्हणून? की त्या वळणावर जे अर्धं राहिलं ते पुरं करायला?
पाचच्या गाडीनं अजित गेला. गाडी विकायचा विषय संपला. मी चहा घेऊन त्याच्यापुढं बसले. "घ्या."
"नको," म्हणाला. आणि डाव्या हातानं कप घेऊन सगळा चहा प्याला.
"आणखी देऊ?"
"नको." कप पुढं केला.
दिला. तोही प्याला. चला गेलं. सहापासून एकदाही आलं नाही. सगळ्याला नको.
म्हणजे दुपारचं नको खरं होतं की नुसताच नवीन शब्द, कळायला मार्ग नाही. अजितला हे सांगितलं नाही.
उद्या चारला विचारणार आहे, यायचं का. नको म्हणाला तर काय करायचं, ते अजून ठरवलेलं नाही.