आपल्याच गावाविरुद्ध वीस मिनिटं

सौ. डॅरियाताईस,

एल्मरचा वाकून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात). तुझी कंबर काय म्हणते? भावजी अजून तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात का? मी ठणठणीत आहे. गावातून माझ्याबद्दल काही कानावर आलं, तर तो निव्वळ जळफळाट समज.

तू नेहमी म्हणतेस, "एल्म्या, एकोणीस वर्षं आइस हॉकीत पगारी गोलरक्षक होतास आणि केलंस काय? दार उघडलंस!" आता राखीव गोलरक्षकाने बाकाच्या टोकाला बसून आत-बाहेर करणाऱ्यांना दार उघडायचं असतं, हे खरं. पण माझ्यासारखं ते कुणी उघडलं नाही (मी होतो त्या सातही संघांत विचार). निवृत्तीनंतरही गावाने मला सोडलं नाही. नियम तुला ठाऊकच आहे: यजमान गावाने एक जादा गोलरक्षक प्रेक्षकांत बसवायचा आणि ज्या संघाचे गोलरक्षक जायबंदी होतील, त्याच्याकडून त्याने उतरायचं. नऊ हिवाळे मी फुकटचं पुटीन, ते ग्रेव्ही ओतलेले तळलेले बटाटे, खात बसलो. कुणाला साधं खरचटलं नाही.

मंगळवारी मात्र घोळ झाला. एकतीस वर्षांनी गाव चषकापासून एका विजयावर आलेलं. प्रशिक्षक कोण, तर आमच्या हिचा, लोरेटाचा भाऊ, आपला डुएन. पाहुणे दोन-एकने पुढे, शेवटची वीस मिनिटं बाकी, आणि त्यांचा उरलेला एकमेव धडधाकट गोलरक्षक मांडी धरून बर्फावर आडवा! सगळं स्टेडियम माझ्याकडे वळलं. डुएन काचेपाशी येऊन गोड हसला, "दाजी, घाई नाही हं. सावकाश बांधा पॅड." त्याला वाटलं, घरचाच माणूस आहे.

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं. पण जाळीपुढे उभा राहिलो, काठीने दोन्ही खांबांना टकटक केलं, समोरून पकची रबरी चकती आली आणि हात आपोआप गेला. असे चौदा अडवले. शेवटचा तर अशा कसबाने, की पाहुण्यांनी मला उचलूनच घेतलं. ताई, फार बरं वाटलं गं.

आता मालिका तीन-तीन. बेकरीवाली मला पाहून "संपलं" अशी पाटी लावते. डुएन "दाजी"वरून "अहो मिस्टर"वर आलाय. लोरेटा बोलत नाही. उकडलेल्या पेरोगी-करंज्यांचं ताट आपटलं, की जेवण तयार असं मी समजून घेतो. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
एल्मर

ता. क. तुझी माडीवरची खोली रिकामी आहे का? हवापालट म्हणून विचारतोय.

ता. क. २. शनिवारच्या निर्णायक सामन्यासाठी पाहुण्यांनी मलाच विचारलंय. त्यांचा गडी अजून लंगडतोय. मी हो म्हटलंय. हे लोरेटाला फोन करून तूच सांग, तुझं ती ऐकते.

ता. क. ३. वन्सं, मी लोरेटा. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. तो शेवटचा पक यांच्या ढुंगणाला लागला. हे तेव्हा पाठ फिरवून खांबाशी गप्पा मारत होते. खोली द्यायची नाही, हे इथेच राहतील. एकोणीस वर्षं यांना दार उघडतानाच पाहत आले. शनिवारी मी पाहुण्यांच्या बाजूला बसणार आहे, डुएनला काय वाटायचं ते वाटो. तुम्हीही या. एकटीला ओरडायची लाज वाटते.