दगडाखालची फडकी

धनगरवस्ती, म्हसवडच्या माळाला
कार्तिक महिना, सन १९४४

प्रिय बिराप्पा,

तुझ्या आईचा तुला पोटभर आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नको. हे मास्तरनं लिहिलेलं न्हाई, मी लिहिलंय. ल्हानपणी शिरवळला मामाकडं व्हते तवा दुसरीपतोर शाळेत बसलेली, तेवढ्यावर वढतीया. काना-मात्रा चुकला तर हसू नको, आन् हसलास तर तिकडंच हस. मास्तरला सांगून लिहून घेण्याजोगी ही गोष्ट न्हाई. गड्यामाणसाच्या कानावर ही गोष्ट घालतच न्हाईत. पण तू माझ्या पोटातनं आलायस, तुझ्याफुडं कसली लाज? तुमची पलटणीतली पत्रं मधी कुणी साहेब फोडून वाचतो म्हणं. वाचू दे मेल्याला. त्यालाबी आईनंच जन्म दिलाय.

आधी इकडचं सांगते. पाऊस बेताचाच झाला. मेंढरं बरी हायती, दोन कोकरं लांडग्यानं नेली. तुझ्या आबांचा गुडघा सुजलाय, पण सांगितलेलं ऐकत्यात कुठं? दिवाळी झाली, आता आठ-पंधरा दिसात घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं हाय. बाकीच्यांची बांधाबांध चाललीया. आपली न्हाई. हरणाला चालवत न्हाई. तुझी बायको तीन आठवडं झालं घोंगड्यावर पडून हाय. ताप उतरत न्हाई, ओटीपोटात अशी कळ येती की पोर गुडघं छातीशी घेऊन मुटकुळं करती. आबांनी तुला हे कळवलेलं न्हाई. पण नुसतं ती आजारी हाय एवढं कळवून भागत न्हाई. कशानं पडली ते सांगायला पायजे, आन् त्यासाठी मला जरा लांबनं यावं लागतंय. कटाळू नको.

तू सात-आठ वर्साचा असशील. मी वस्तीबाहेरच्या कुडाच्या खोपीत बसलेली, तू धावत आलास आन् म्हणलास, आये, तू हितं का बसलीस, भाकरी कोण करणार? मी म्हणलं, कावळा शिवला, लांब हो. तर तू दोन दिस गोफण घेऊन कावळ्यांच्या मागं हिंडलास. समद्या बाया हसून हसून बेजार. तवा हसण्यावारी नेलं. आता तू लगीन झालेला बाप्या हायस, कावळा कसला ते तुला ठावं झालं असंल. पण त्या खोपीत काय चालतं ते कुणाच बाप्याला ठावं न्हाई. महिन्याचं चार दिस बाई तिथं बसती. भाकरी लांबनं टाकायची, पाणी वरनं वतायचं. फडकी असत्यात जुन्या लुगड्याची. ती गार पाण्यात, तेबी कुणी बघत नसताना, नुसती खळबळायची आन् दडवायची. ऊन लागू द्यायचं न्हाई, गड्याची नजर पडू द्यायची न्हाई, आन् समद्यात मोठं म्हंजी त्यावरनं साप जाऊ द्यायचा न्हाई. साप गेला की त्या बाईची कूस बंद. हे मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. म्हणून ओढ्याच्या काठाला, दगडाखाली, वल्या अंधारात आमी ती दडवतो. फुडच्या महिन्याला काढली की वास मारत्यात, कवा कवा बुरशी धरलेली असती. झटकायची आन् घ्यायची. कुणाला सांगणार?

त्यात ही तुमची लढाई. कंट्रोलचं कापड आमच्यापतोर येतंच न्हाई. एक लुगडं दोन सालं अंगावर वापरायचं, मग त्याची फडकी करायची, तीबी दोघी-तिघीत. न्हाईच मिळालं तर घोंगड्याचा तुकडा घ्यायचा. लोकर अंग सोलून काढती. न्हाईतर चिंधीत राख बांधायची. ह्या वर्साला वस्तीवरच्या निम्म्या बाया राखेवरच हायत.

श्रावणात देवी टोचायला साताऱ्याकडनं एक बाई आली. पांढरं लुगडं, पायात चपला, बोलायला फटकळ. माझ्यासारखीच, म्हणून मला ती आवडली न्हाई. पोरांच्या दंडाला टोचून झाल्यावर तिनं समद्या बायांस्नी खोपीमागं नेलं आन् सरळ इचारलं, फडकी कुठं वाळवता? मग म्हणली, मेंढराला जखम झाली तर त्याला वलं, बुरशीचं फडकं बांधता का? न्हाई ना? मग स्वतःला का बांधता? कडक पाण्यात साबणानं धुवा, उन्हात वाळवा, ऊन औषध हाय. बाया पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसल्या. तुझी आत्या धोंडुबाई म्हणली, आवं बाई, तुमच्या गावात साप न्हाईत वाटतं! समद्या हसल्या, मीबी हसले. एकटी हरणा हसली न्हाई.

तू मागच्या खेपेला लष्करातल्या साबणाच्या दोन वड्या पाठवल्या व्हत्यास ना, त्यातली एक तिनं ठेवलेली. फुडच्या महिन्याला तिनं पाणी कडक केलं, फडकी धुतली आन् खोपीमागच्या बोरीच्या कुपावर टाकली, वरनं माझं जुनं धडुतं पसरून. धोंडुबाईच्या नजरंतनं काय सुटतंय? वस्तीभर बोंबलत आली, बिराप्पाच्या बायकूनं निशाण लावलंय बघा, सरकार आलंय जणू! आबा खाली मान घालून उठून गेले. मी तवा हरणाला काय काय बोलले ते लिहीत न्हाई. पोर एवढंच म्हणली, आत्ती, वली फडकी घेतली की मला खाज सुटती, आग हुती, चालताना मांड्या सोलत्यात. मी म्हणलं, आमाला न्हाई का सोलल्या? आमी मेलो का?

तर ती फडकी परत ओढ्याकाठच्या दगडाखाली गेली. आश्विनात तिनं त्यातलीच दोन वली काढून घेतली. पाचव्या दिशी अंगावर घाण वासाचं पाणी जाया लागलं, मग कळ, मग ताप. मी ओवा दिला, शेक दिला, एरंडाचं पान बांधलं. काय उतार न्हाई.

आमी मेलो का, असं मी म्हणलं खरं. म्हणलं आन् मला बना आठवली.

तुझी थोरली बहीण. तू नऊ वर्साचा व्हतास, तुला सांगितलं की तिला पाण्यातल्या आसरांनी धरलं. ऐक आता. तिला न्हाण येऊन तीन-चार महिनं झालेलं. आमी तवा कृष्णंच्या काठाला तळावर, फडकं संपलेलं. मीच तिला म्हणलं, जा, मेंढरं बसवतो तिथली राख-माती चिंधीत बांधून घे. लेंड्यांत कालवलेली राख ती. लोकरीनं आधीच अंग सोललेलं. आठ-धा दिसानं तिची मान ताठली. तोंड उघडंना, दातखीळ बसली. मग पाठ अशी वाकडी व्हायची की टाचा आन् डोकं तेवढं भुईला टेकायचं. उजेड पडला, कुणी बोललं की परत झटका. देवरुषानं मिरच्यांचा धूर दिला, निंबाच्या फोकानं मारलं. मी तिचं पाय धरून बसले, मारू दिलं. तिसऱ्या दिशी संपली. तोंड उघडत न्हवतं म्हणून पाण्याचा थेंब घालता आला न्हाई. श्रावणात त्या देवी टोचणाऱ्या बाईनं जाता जाता सांगितलेलं की जित्राबाच्या शेणा-लेंड्यांची माती जखमंला लागली की धनुर्वात हुतो, माणूस धनुष्यासारखं वाकतं. समद्या उठून चालल्या व्हत्या. मी तिथंच बसून राहिले. मला कुणी इचारलं न्हाई, मी कुणाला सांगितलं न्हाई. एवढं कळूनबी मी फुडच्या महिन्याला हरणावर वरडले. का, ते मला इचारू नको. ती बाई खरं बोलत असंल तर बनाला मी मारलं, आन् ते मला नको व्हतं, दुसरं काय.

आता हरणाचं. ती पडल्यावर धोंडुबाई ओढ्याकडं गेली आन् दगड उलथून राहिलेली फडकी घेऊन आली. काठीच्या टोकावर धरून. फडक्याला सापाची कात चिकटलेली, हातभर लांब. बाया मागं सरल्या. देवरुषी आला, त्यानं बिरोबाफुडं कौल लावला. म्हणला, साप गेलाय, कूस बंद झाली, वर घरावर दोष हाय, तिचं पाणी जो पिईल त्याची मेंढरं मरतील. त्याच दिशी एक मेंढी फुगून मेली. मेंढ्या रोजच मरत्यात रं, पण त्या दिवसापासनं तिला कुणी शिवत न्हाई. ती आता विटाळ नसताना खोपीत हाय. भाकरी मी नेते. खात न्हाई. तहान लागली की खोपीबाहेर येऊन हिरीकडं बघत बसती. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला तरी हिरीकडंच बघती. काल मी तिथनं हिरीची मोट वढायची सगळी दोरी काढून आणली. दोरीनं काय हुणार म्हणा. हिरीला कुठं झाकण हाय?

पंच बसले. म्हसवडच्या जत्रंत रथ निघतो त्याच्या आदल्या रविवारी तिला माहेरी घालवायचं ठरलंय. तापातच, घोड्यावर बांधून. आन् धोंडुबाईची लेक विजयमाला तुझ्यासाठी इचारलीया. तुझी आत्या लय कळवळ्यानं सांगती, भावाचं घर बुडू देणार न्हाई म्हणती. विजयमाला पोरगी चांगली हाय. तिलाबी फुडच्या साली त्याच दगडाखाली हात घालायचाय.

आबांनी मास्तरकडनं तुला पत्र लिहून बुधवारच्या बाजारात टाकलंय. त्यात लिहिलंय की हरणानं रीत मोडली, फडकी उघड्यावर टाकली, मग भिऊन ओढ्याकाठी सापाच्या बिळाशी दडवली, म्हणून तू दुसऱ्या लग्नाला हो म्हणून कळव. मला सही येती का हे कुणी इचारलं न्हाई, खाली साक्षीला माझा अंगठा हाय. म्हणून मी हे लिहिते, बिराप्पा. फडकी हरणानं दडवली न्हाईत. ती उन्हात कुपावर खडखडीत वाळलेली व्हती. मी वढून काढली, मी बादलीत भिजवली की तिनं परत वाळवू नयेत, आन् माझ्या हातानं त्या दगडाखाली कोंबली. तिथं बीळ हाय ते मला ठावं व्हतं, रागात मी बघितलं न्हाई. पंचांनी इचारलं, कुणी ठेवली, तवा समदे माझ्याकडं बघत व्हते, आबाबी. मी म्हणलं, हरणानं. ती कुडाच्या पलीकडं व्हती, तिनं ऐकलं. उद्या आबा मेंढरांमागं गेले की वस्तीवरच्या भाऊसोच्या बैलगाडीत घालून मी तिला म्हसवडात नेते, तिथनं मोटारीनं साताऱ्याच्या दवाखान्यात. मग एक दिस वस्तीवर येऊन पंचांफुडं हेच सांगीन आन् परत तिच्यापाशी जाईन. मला वाळीत टाकतील तर टाकू देत. आबांनी घरात घेतलं न्हाई तर भाऊसोकडनं तुला कळंल. पण माझ्या बोलण्याला आता किंमत न्हाई, एकदा खोटं बोलले ती दुसऱ्यांदा खरं कशावरनं, असं म्हणतील. तुझ्या शब्दाला हाय. आबांना लिही की तुझी बायको ती हरणाच, दुसरी नको. आन् तिला येगळं लिही, साताऱ्याच्या दवाखान्याच्या पत्त्यावर, मी तिला वाचून दाखवीन. ती माझ्याशी बोलत न्हाई. तुमी असं का सांगितलं आत्ती, असं एकदा तरी इचारंल म्हणून भाकरी ठेवून मी खोपीच्या दारात उभी राहते, पण ती नुसती बघती. ताप आज सकाळपासनं लय वाढलाय, हात लावला तर चटका बसतोय. पत्र मिळंल त्याच दिशी लिही. ती ऐकायला असंल का न्हाई ह्याचा इचार करत बसू नको. लिही.

तुझीच,
आई